साठ पट

कुणी एखाद्या वस्तूची किंमत सांगितली, की किबला ती शांतपणे ऐकून घेत आणि मग विचारत, "यानी कितने बरस?"

मी अमीनाबादच्या बाजारातून छत्री घेतली होती. कार्यालयात सगळ्यांनी ती उघडून-मिटून पाहिली. कुणी म्हणालं महाग पडली, कुणी म्हणालं ठीक आहे. किबलांनी छत्रीची एकेक काडी दाबून पाहिली आणि म्हणाले, "आठ बरसातें निकाल देगी. तो बिटिया, आपने छतरी नहीं ली, आठ बरसातें ली हैं. अब बताइए, एक बरसात कितने की पड़ी?" भागाकार केला तर छत्री स्वस्त निघाली. पुढच्याच आठवड्यात मी ती टेम्पोत, म्हणजे तिथल्या मोठ्या प्रवासी रिक्षात, विसरले. किबलांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हिसाब में आदमी को भी गिनना चाहिए था. ग़लती हमारी है."

त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. 'किबला' हा लखनौचा जुना शब्द, वडीलधाऱ्या, मानाच्या माणसासाठी. आमच्या कार्यालयात त्यात निम्मा आदर असे आणि निम्मी थट्टा. त्यांना दोन्ही चालत.

कार्यालय म्हणजे राज्य सरकारचं एक महामंडळ. छोट्या कारखान्यांत भागभांडवल घालायचं, म्हणजे त्यांचे शेअर घ्यायचे, कारखाना उभा राहिला की ते विकायचे, असं आमचं काम. किबला 'चिकन व वस्त्र' विभागाचे प्रमुख होते. चिकन म्हणजे लखनौचं पांढऱ्या दोऱ्याचं बारीक भरतकाम. त्यांचं घर 'चौक' नावाच्या जुन्या मोहल्ल्यात होतं, जिथे गल्लीगल्लीत हेच काम चालतं. रोज सकाळी ते सायकलरिक्षानं येत. उन्हाळा असो की कडाक्याची थंडी, अंगात पांढरा चिकनचा कुर्ता. थंडीत फक्त त्यावर शेरवानी चढे. फायलींच्या नाड्या ते स्वतः बांधत, कारण शिपायानं मारलेली गाठ त्यांना उद्धट वाटे. "इसे खोलने वाले का भी तो ख़याल कीजिए," म्हणत ते गाठ सोडवत आणि पुन्हा हलक्या हातानं बांधत.

मी तिथे लागले ती अठ्ठ्याहत्तर साली. आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं. वडील रेल्वेत खलाशी होते. बदली होत होत ते लखनौला आले आणि आलमबागच्या क्वार्टरमध्ये आमचं घर झालं. मी मात्र आजीकडे राहून गावच्या शाळेत शिकले आणि नागपूरला बी.कॉम. झाले. घराण्यात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही नव्हतं. लखनौला नोकरी लागली तेव्हा माझी हिंदी अशी होती, की रिक्षावाला "कहाँ की हैं आप?" असं आपुलकीनं विचारी. कार्यालयात काही जणांना माझ्या आडनावावरून जे कळायचं ते कळलं होतं आणि त्यांचं माझ्याकडचं पाणी पिणं बंद झालं होतं. किबलांनी पहिल्याच दिवशी माझ्या डब्यातला मिरचीचा ठेचा मागून घेतला. एक घास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं. रुमालानं ते टिपत म्हणाले, "सुब्हानल्लाह. इसमें इंतज़ार बिल्कुल नहीं है." दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मागितला. तिसऱ्या दिवसापासून आई त्यांच्यासाठी वेगळी वाटी भरू लागली.

शेअरचे भाव दिल्लीहून येणाऱ्या वर्तमानपत्रात असत. ते पत्र दुसऱ्या दिवशी पोचे. लेखा विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे पंडितजी म्हणत, कानपूरच्या बाजारात फोन लावून त्याच दिवसाचा भाव मिळवत आणि मोठ्यानं सांगत. किबला कानांवर हात ठेवत. "पंडितजी, भाव को एक रात ठंडा तो होने दीजिए. गरम-गरम खाकर मुँह जलाने से क्या फ़ायदा?"

"आप ठंडा कीजिए किबला, हम तब तक खाकर उठ जाएँगे," पंडितजी म्हणत. दोघांची वीस वर्षांची मैत्री होती आणि वीस वर्षांचं भांडण.

ऐंशी साल उलटून थोडे दिवस झाले असतील, तेव्हा आमच्या टेबलावर एक चुकीची फाइल आली. लखनौच्या दक्षिणेला, कानपूर रस्त्यावर सरोजिनी नगरला औद्योगिक शेड होत्या. तिथल्या एका नव्या कंपनीत महामंडळानं शेअर घेतले होते. कंपनी संगणकासाठी प्रोग्राम लिहून देई. नावात 'सॉफ्टवेअर' हा शब्द होता. आवक विभागातल्या कारकुनानं तो आयुष्यात पहिल्यांदा वाचला. त्यानं हिंदीत लिहिलं 'साफ़्ट वियर', म्हणजे मऊ कपडे, आणि फाइल बिनचूक चिकन व वस्त्र विभागाकडे पाठवली.

किबलांनी फाइल उघडली. त्यात ना सूत, ना सुया, ना कापडाचा ताका. मालमत्तेत एक संगणक, काही टेबलं-खुर्च्या आणि दोन एअरकंडिशनर. त्यांनी कारकुनाला बोलावून विचारलं, "मियाँ, इसमें कपड़ा कहाँ है?"

"साहब, बहुत महीन होगा," कारकून म्हणाला.

फाइल इलेक्ट्रॉनिक्स विभागाकडे परत पाठवायची होती. पण तिथले प्रमुख म्हणाले, आम्ही रेडिओ आणि टीव्ही बघतो, यात तर एकही संच बनत नाही, तुमच्याकडेच असू द्या. पंडितजींनी सुचवलं, वर पत्र लिहून निकाल मागा. किबलांनी मान हलवली. "ग़लत घर में भी आ जाए, तो मेहमान तो मेहमान है." त्यांनी नाडी बांधली आणि फाइल माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, साहेब, मला यातलं काही येत नाही. ते म्हणाले, "हमें भी नहीं आता. अच्छा है, एक-दूसरे को टोकने में शर्म नहीं आएगी."

शेअरचा भाव एका शेअरमागच्या वर्षाच्या कमाईच्या किती पट आहे, त्याला इंग्रजीत पीई म्हणतात. हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. पंचवीस मार्कांचा प्रश्न यायचा. पण पाठ करणं आणि कळणं यातलं अंतर मला किबलांनी दाखवलं. त्यांनी एका साखर कारखान्याची फाइलही काढून दिली. कारखान्याचा शेअर चोवीस रुपयांना मिळत होता आणि वर्षाची कमाई शेअरमागे चार रुपये होती. म्हणजे सहा पट. नव्या कंपनीचा शेअर वीस रुपये, कमाई फक्त आठ आणे. म्हणजे चाळीस पट. मी उत्साहानं सांगितलं, "साहेब, साखर स्वस्त आहे. ही कंपनी फार महाग आहे."

"कितने बरस?" त्यांनी विचारलं.

मी गोंधळले. मग त्यांनी समजावलं. कमाई आहे तेवढीच राहिली, तर साखरेत घातलेला पैसा सहा वर्षांत सुटतो. या कंपनीत चाळीस. आता ज्यानं चाळीस वर्षं कबूल केली तो वेडा असेल, नाहीतर कमाई आहे तेवढी राहणार नाही असं त्याला वाटत असेल. "ये गिनती दाम की नहीं है बिटिया, सब्र की है." सब्र म्हणजे धीर, वाट पाहायची तयारी. त्या दिवसापासून आमच्या विभागात पीई हा शब्द बंद झाला. "चीनी मिल का सब्र कितना है?" किबला विचारत. मी सांगे, "सहा." "और मेहमान का?"

साखरेला लोक सहाच वर्षांचा धीर का देतात, हेही त्यांनीच विचारायला लावलं. उसाचा भाव, संप, सरकारचे नियम. सहा वर्षांपलीकडचा भरवसा कुणाला नव्हता. म्हणजे कमी आकडा स्वस्ताईचा असेल, नाहीतर भीतीचा. जास्त आकडा महागाईचा असेल, नाहीतर आशेचा. नुसत्या आकड्याला तोंड नसतं. त्याला मागच्या वर्षांसोबत बसवलं तरच तो बोलतो.

म्हणून त्यांनी आलेख काढायचं ठरवलं. कागदावर नाही, मलमलीवर. चिकनचं काम करण्याआधी कापडावर लाकडी ठशानं निळीत नक्षी छापतात. भरतकाम पुरं झालं की कापड धुतात आणि निळी रेघ निघून जाते. किबलांनी चौकातून हातभर मलमल आणि वाटीभर नीळ आणली. खाली वर्षं, वर रुपये. एक रेघ भावाची, एक कमाईची. दोन रेघा दिसाव्यात म्हणून कमाईचं माप त्यांनी मोठं धरलं होतं. पंडितजी येऊन बघत उभे राहिले. "किबला, अब आप बैलेंस शीट भी काढ़ेंगे?"

"काग़ज़ पर लकीर पक्की हो जाती है," किबला म्हणाले. "आदमी समझता है, यही सच है. भाव की लकीर ऐसी होनी चाहिए कि धुल सके."

दर वर्षी कंपनीचे हिशेब आले की तो कपडा बाहेर निघे आणि दोन ठिपके पुढे पडत. तीन-चार वर्षं कमाईची रेघ भराभर चढली. भावही चढला, पण सावकाश. भाव तीस झाला तेव्हा कमाई दोन रुपये झाली होती. चाळीस पटींची पंधरा पट झाली. पंडितजी म्हणाले, "देखा, लोगों का भरोसा उठ गया. चालीस से पंद्रह." मला त्याचं उत्तर देता आलं, तो माझ्या नोकरीतला पहिला अभिमानाचा दिवस. मी म्हटलं, "पंडितजी, भाव तो बढ़ा है. कमाई उससे तेज़ दौड़ी, इसलिए पट कम हुई." पंडितजींनी 'पट' या शब्दाकडे भुवया उंचावून पाहिलं. मी घाईत मराठी बोलून गेले होते. किबला फक्त निळीची वाटी ढवळत राहिले, पण त्यांचा चेहरा खुलला होता.

त्याच सुमाराला माझे वडील म्हणाले, "पोरी, तुह्या साहेबाले एकदा जेवाले तं बोलाव." किबला आलमबागच्या क्वार्टरमध्ये आले. दारात वडिलांनी "जय भीम" म्हटलं. किबलांनी हात उचलून आदाब केला आणि म्हणाले, "जय भीम, हुज़ूर." वडिलांना आयुष्यात कुणी हुजूर म्हटलं नव्हतं. ते इतके बावरले, की खुर्ची पुढे करण्याऐवजी स्वतःच तिच्यावर बसले. जेवताना वडिलांनी त्यांच्या हिंदीत विचारलं, "साब, ये क्या तो भी सब्र का हिसाब सिकाते तुम. इसके पढ़ाई का भी लगाव ना. गाँव के लोग बोलते थे, लड़की पे काय को खर्चा करता."

किबलांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवून विचारलं, "जब आपने इसे स्कूल में डाला, तब इसकी कमाई क्या थी?"

"कमाई? पाच साल की थी, साब. कुछ नहीं."

"यानी सिफ़र. हुज़ूर, सिफ़र से तक़सीम नहीं होती. आपका सब्र तो किसी हिसाब में आता ही नहीं."

शून्यानं भागाकार होत नाही, असं ते म्हणत होते. वडिलांना ते कळलं नाही. "म्हंजे मी फायद्यात रायलो का तोट्यात?" त्यांनी मला मराठीत विचारलं. मी म्हटलं, बाबा, जेवा. आई ताटाआडून हसत होती.

मग ते वाईट वर्ष आलं. कंपनीची कमाई एकदम कोसळून शेअरमागे चाळीस पैशांवर आली. भाव घसरला तरी चोवीसवर टिकला. मी भागाकार केला, पुन्हा केला, आणि किबलांकडे गेले. साठ पट.

नेमकं तेव्हाच दिल्लीच्या एका मालवाहतूकदारानं महामंडळाला पत्र लिहिलं, तुमचे सगळे शेअर तीस रुपयांनी घेतो. बाजारात चोवीस असताना तीस. पंडितजींनी पत्र वाचून टेबलावर थाप मारली. साठ पट महाग झालेली वस्तू कुणी वर सहा रुपये देऊन नेत असेल, तर त्याला दारापर्यंत सोडायला जावं, असं त्यांचं म्हणणं. हिशेबानं ते चूक नव्हते. पण त्या माणसाजवळ आधीच बरेच शेअर होते. आमचे मिळाले की कंपनी त्याची. आणि त्याला प्रोग्रामशी काही देणंघेणं नव्हतं. हायवेवरची शेड त्याला गोदामासाठी हवी होती. हे तो लपवतही नव्हता.

किबलांनी मला सरोजिनी नगरला पाठवलं. "जाकर पूछिए, कमाई गई कहाँ." मी गेले. शेडमध्ये पूर्वी जेवढी माणसं होती, त्याच्या दुप्पट दिसली. गोंडा, हरदोई, सीतापूरकडची मुलं होती, दोन मुलीही होत्या. कंपनीनं त्यांना वर्षभरापूर्वी घेतलं होतं आणि वर्षभर पगार देऊन नुसतं शिकवलं होतं. परदेशातलं मोठं काम मिळायचं तर एवढी तयार माणसं आधी हवीत, असं कंपनीच्या व्यवस्थापकांनी सांगितलं. तेही तिशीतलेच होते. काम मिळायचं होतं. अजून मिळालं नव्हतं.

परत येताना बसमध्ये मला ते उलगडलं. साखर कारखान्यानं नवं यंत्र घेतलं असतं, तर ते मालमत्तेत गेलं असतं आणि त्याची किंमत थोडी थोडी करून अनेक वर्षांच्या कमाईतून वजा झाली असती. या कंपनीनं माणसं शिकवली, म्हणून ते सगळं त्याच वर्षीच्या खर्चात गेलं. तो खर्च बाजूला ठेवला, तर कमाई दीड रुपयाच्या घरात होती. चोवीस भागिले दीड. सोळा पट. साठ हा आकडा खोटा नव्हता, पण त्या एका वर्षाचा होता.

मी टिपण लिहिलं. शेअर विकू नयेत, अशी शिफारस केली. किबलांनी ते वाचलं, दोन ठिकाणी माझी हिंदी सुधारली आणि सहीसाठी पेन उघडलं. पंडितजी शेजारी उभे होते. या वेळी त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

"किबला, मार्च में आप रिटायर हो रहे हैं. छह रुपये ज़्यादा मिल रहे थे और आपने मना किया, ये ऑडिट में आएगा. कंपनी डूबी तो जाँच बैठेगी. जाँच बैठी तो पेंशन रुकेगी. भाभी की दवा कहाँ से आएगी? नोट लड़की का है, लड़की के नाम से जाने दीजिए."

"लड़की की तो अभी सारी नौकरी पड़ी है," किबला म्हणाले आणि सही केली. मग 'प्रस्तुतकर्ता' या ओळीतलं माझं नाव खोडून तिथे स्वतःचं पद लिहिलं. मी विरोध केला. ते म्हणाले, "आप बैठक में बोलेंगी. दस्तख़त करने वाला एक, बोलने वाला एक. काम बाँटकर करना चाहिए."

बैठकीला महामंडळाचे अध्यक्ष होते, वेळेचे फार काटेकोर. "पाँच मिनट," ते म्हणाले. किबला उठले. "हुज़ूर, बात यूँ है कि हमारे चौक में जब कारीगर मुर्री का टाँका सीखता है..." अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. किबलांनी वाक्य तिथेच सोडलं आणि माझ्याकडे हात केला. "ये अर्ज़ करेंगी."

मी मलमल उलगडून टेबलावर पसरली. सदस्य वाकून बघू लागले. पंडितजी हळूच म्हणाले, "लीजिए, आख़िर साफ़्ट वियर निकल ही आया." कुणीतरी हसलं. मी सुरुवात केली, "सर, भाव इस साल कमाई का साठ पट है..."

"साठ पट?" अध्यक्षांनी कापडाचं टोक उचललं. "पट तो यहाँ एक ही है."

हिंदीत पट म्हणजे कापड. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मला 'गुना' म्हणायचं होतं आणि तो शब्द काही केल्या तोंडात येईना. सगळे हसत होते. तेव्हा किबला बसल्या जागेवरून अगदी अदबीनं म्हणाले, "हुज़ूर, मराठी में गुने को पट कहते हैं. दुगुना, यानी दुप्पट. हमारे यहाँ कपड़े के दो पाट जुड़ें तो दुपट्टा. बात एक ही है, ये देख रही हैं कि तह कितनी लगी है."

तह म्हणजे घडी. अध्यक्ष कुतूहलानं माझ्याकडे पाहू लागले. "अच्छा. तो खोलिए तह."

त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं नाही. मी कमाईच्या रेघेचं शेवटचं टोक हातानं झाकलं आणि दाखवलं की भाव फारसा हललाच नाही, कमाई खाली गेली म्हणून पट वाढली. मग हात काढला आणि कमाई खाली का गेली ते सांगितलं. यंत्र आणि माणूस यांच्या हिशेबातला फरक सांगितला. एक सदस्य म्हणाले, "मशीन भागती नहीं. ये लड़के सीखकर दिल्ली-बंबई चले गए तो?"

मी तयारी करून गेलेली सगळी उत्तरं विसरले. "सर, कुछ जाएँगे," मी म्हटलं. "सब नहीं जाते. मैं भी किसी के खर्चे पर सीखी हूँ. मुझ पर भी वो पैसा एक ही साल में खर्च दिखा होगा."

किबला मलमलीची सुरकुती नीट करत होते.

"गारंटी?" अध्यक्षांनी विचारलं.

"नहीं है, सर."

"गारंटी तो गन्ने की भी नहीं है, हुज़ूर," किबला म्हणाले.

अध्यक्षांनी टिपणावर आपल्या हातानं लिहिलं : एक वर्ष शेअर विकू नयेत. वर्षभरात कमाई परतली नाही तर मिळेल त्या भावाला विकावेत, आणि नुकसानीबाबत शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्यास जबाबदार धरावं. मग ते किबलांकडे वळले. "आपको मंज़ूर है? अभी भी वापस ले सकते हैं."

"मंज़ूर है," किबला म्हणाले.

पुढचं सांगून टाकते. परदेशातलं काम त्या उन्हाळ्यात मिळालं. पुढच्या हिशेबात कमाई अडीच रुपये आली, भाव चाळीस झाला, म्हणजे पुन्हा सोळा पट. वर्षभर अडकलेली किबलांची पेन्शन त्यानंतर सुटली. त्या वर्षात भाभींच्या औषधाच्या बाटल्या पंडितजी स्वतः चौकात पोचवत आणि प्रत्येक वेळी भांडून येत. शिकलेल्यांपैकी काही जण खरंच दिल्लीला गेले. मी वरच्या हुद्द्यावर गेले. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलाला पहिला भागाकार मी साखर कारखान्याचाच करायला दिला.

पण त्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बैठक संपली तेव्हा दुपार होती. मी म्हटलं, कंपनीला फोन करून कळवते. किबला म्हणाले, "ऐसी ख़बर फ़ोन पर नहीं देते." आम्ही टेम्पोनं सरोजिनी नगरला निघालो. सहा वर्षं त्या कंपनीची फाइल त्यांच्या टेबलावर होती आणि तिथे ते पहिल्यांदाच जात होते. वाटेत त्यांनी बैठकीसाठी घातलेल्या शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावून घेतली.

शेडची वीज गेली होती. सगळी मुलं बाहेर सावलीत उभी होती. आज निकाल आहे, हे त्यांना माहीत असणार. व्यवस्थापक पुढे आले. किबलांनी सगळ्यांना मिळून एकच आदाब केला.

"बेटा, नहीं बेचा," ते म्हणाले. "एक साल और आपको हमें झेलना पड़ेगा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक मुलगी खाली बसली आणि तिनं तोंडावर ओढणी घेतली. तिच्या शेजारचा उंच मुलगा व्यवस्थापकांना म्हणाला, "सर, वो टेस्ट वाला हिस्सा मैं ले लूँ?" आणि तो आत गेला. त्याच्यामागे दुसरा गेला. मग ती मुलगी उठली. थोड्या वेळात सावलीत आम्ही दोघंच उरलो.

किबलांनी वर पाहिलं. शेडचा पंखा दारातून दिसत होता, थांबलेला. "बिजली तो आई नहीं," ते म्हणाले. "फिर ये लोग अंदर क्या कर रहे हैं?"

मी म्हटलं, "साहेब, प्रोग्राम आधी कागदावर लिहितात. त्याला वीज लागत नाही."

ते दारापर्यंत गेले. खिडक्यांच्या उजेडात ओळीनं माना खाली घालून सगळे लिहीत होते. ते बराच वेळ बघत राहिले. मग पाऊल न वाजवता मागे आले आणि मला हळू आवाजात म्हणाले, "चलिए, चलिए. इन लोगों का वक़्त ख़राब हो रहा है."